तुमच्याकडंच हाईत न्हवं?

कोल्हापूर,
12 ऑगस्ट 2025

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर आपण फोनवर पाच-सहा वेळा बोललो असू, पण ते कसलं बोलणं? पाऊस आहे, बाजार थंड आहे, पोरं बरी आहेत. पत्र लिहायचं राहूनच गेलं, त्याची बोच आहे मला. तब्येत ठीक. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, कॅल्शियम, लोहाची गोळी चालू. वजन 91. आईला ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच कळेल, म्हणून तुला.

3 तारखेला महिन्याचा पहिला रविवार होता, वजनाचं ऑपरेशन झालेल्या आमच्या मंडळींच्या मीटिंगचा दिवस. पावसामुळं रंकाळ्यावर न बसता आमच्यातल्याच बाईंच्या राजारामपुरीतल्या हॉलमध्ये जमलो. नऊ जण होतो. साडेनऊला उठलो, घरी आलो, दीडला जेवायला बसलो. चतकोर भाकरी, मुगाची उसळ, एक उकडलेलं अंडं. तेवढ्यात फोन वाजला. कागलहून आमच्या मीटिंगमधल्या पैलवानाची बायको.

“काका, ह्यांचा फोन लागंना झालाय. सकाळी तुमच्या मीटिंगला म्हणून गेल्यात. तुमच्याकडंच हाईत न्हवं?”

बापू, तो मे महिन्यापासून आमच्याकडं फिरकलेला नाही.

माझ्या तोंडात घास होता. पंचवीस-तीस वेळा चावल्याशिवाय मला घास गिळता येत नाही, घाई केली की छातीत दगड बसल्यासारखं होतं. म्हणजे उत्तर द्यायच्या आधी मला अर्धा मिनिट मिळाला होता. विचार करायला तेवढा पुरे. घास गिळला आणि म्हणालो, “हाय की पोरी. जेवायला थांबवून घेतलाय. सांजच्याला येतोय.”

“बरं बरं, काका.” तिचा जीव भांड्यात पडलेला मला फोनवरून कळला. मी ताट बाजूला सारलं.

आणि 2011 आठवलं, तू प्यायचास तेव्हाचं. रात्रीचे साडेअकरा, वहिनींचा फोन. “भावजी, हे तुमच्यात हाईत काय?” “हाय की वहिनी, दमून झोपलाय.” शब्दसुद्धा जवळपास तेच. त्यानंतर शिरोली नाक्यावर काय झालं ते पुन्हा काढायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून काढत नाही. पण वहिनी त्या रात्री दाराला कडी लावून झोपल्या त्या माझ्या शब्दावर. तुला शोधायला कुणी बाहेर पडलं नाही ते माझ्या शब्दामुळं. चौदा वर्षांत तू मला त्यावरून एक अक्षर बोलला नाहीस. बोलला असतास तर परवा कदाचित माझी जीभ अडखळली असती.

पैलवानाबद्दल तुला मागं थोडं सांगितलं होतं. तालमीतला पोरगा, वय आता 33. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. गंगावेशेत म्हशीचं धारोष्ण दूध पिताना त्याला बघायचं, एका दमात लिटर. वजन 152 वर गेलं, शुगर लागली, म्हणून 2023 च्या जानेवारीत पोटाची बायपास केली. माझं ऑपरेशनही त्याच जातीचं. काहींची स्लीव्ह असते, त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. आमच्या बायपासमध्ये वर अंड्याएवढी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. जेवण बाकीच्या जठरात जातच नाही. वर्षात पोरगा 93 वर आला. शुगरच्या गोळ्या बंद. लग्न जमलं. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, बापू, काय टाळ्या वाजवल्या!

आमची ही मीटिंग मी तुझ्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगवरूनच उचलली हे तू जाणतोस. ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने मी कुणाशी धड बोललो नव्हतो. लग्नाला गेलं की वाढपी तांबडा-पांढरा घेऊन उभा, नको म्हटलं की यजमानाचं तोंड उतरतं. गल्लीत लोक बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, “आजार काय निघाला ओ?” तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले. तेव्हा तुझी मीटिंग आठवली. गोल बसायचं, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, शेवटी चहा. फक्त आमचा चहा बिनसाखरेचा आणि घोटघोट. बाई सगळ्यांचे रक्ताचे रिपोर्ट परीक्षेच्या पेपरासारखे तपासतात आणि ज्याचं व्हिटॅमिन डी-थ्री कमी त्याला उभं करतात. शिवाजी पेठेतल्या टेलरबाई सगळ्यांचे कपडे आत घेऊन देतात. बँकवाल्या साहेबांची एक पँट त्यांनी इतक्या वेळा आत घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटले. साहेब ती अजून घालतात. एका नव्या नवरीचे केस गळत होते तेव्हा बाईंनी स्वतःचा ऑपरेशननंतरचा फोटो आणून दाखवला, अर्धं टक्कल पडलेला. पोरगी रडायची थांबली. डॉक्टरांनी तिला “सहा-आठ महिन्यांत परत येतात” असं चार वेळा सांगितलं होतं, पण तो फोटो बघितल्यावर तिला पटलं.

तुझ्याकडची एक गोष्ट मात्र मी उचलली नाही, आणि तीच महत्त्वाची होती. तुमच्यात घसरलेला माणूस परत येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, मी काल प्यायलो. आमच्यात ज्याचं वजन वाढतं तो पहिला गायब होतो. दीड-दोन वर्षांनी थोडं वजन बहुतेकांचं परत येतं, माझंच 84 वरून 91 झालं. पण आम्ही हॉलच्या कोपऱ्यात काटा ठेवला आणि उतरलेल्या आकड्यालाच टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये पैलवान काट्यावर चढला, 104. कुणीतरी म्हणालं, “पैलवान परत अंगात भरला की!” सगळे हसले, मीसुद्धा. एप्रिलमध्ये तो आला पण काट्याकडं गेला नाही. दारातच चपला काढून दारातच बसला. सकाळी आठची वेळ, आणि वेलदोड्याच्या वासाखालून दुसरा वास येत होता. तो वास मी ओळखणार नाही? तुझ्या शेजारी मी दहा वर्षं बसलोय.

आता याच्याही मागचं सांगतो, हे सांगायला जड जातंय. गेल्या वर्षीच्या आखाडात पन्हाळा रोडला एका शेतावर आम्ही पुरुष मंडळी जमलो होतो. मटण होतं, बाटली होती. मी पीत नाही, पण मी सगळ्यांत मोठा होतो. पैलवानानं दोन पेग घेतले आणि पंधरा-वीस मिनिटांत आडवा. “पैलवान चीतपट!” म्हणून आख्खं शेत हसलं. मला तेव्हा माहीत होतं, बापू. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी आम्हा सगळ्यांना सांगितलेलं असतं. अंड्याएवढ्या पिशवीत दारू थांबतच नाही, थेट आतड्यात उतरते आणि झटक्यात रक्तात चढते. आधी चार पेगांनी जे व्हायचं ते दोनांत. जेवणाचं सुख गेलेलं असतं, डोक्यातली भूक मात्र तिथंच असते, तिला हे नवं सुख सापडतं. अमेरिकेतला 2012 चा एक मोठा अभ्यास डॉक्टरांनी सांगितला होता. दारूचा त्रास असलेले ऑपरेशनआधी 7.6 टक्के, पहिल्या वर्षी 7.3, आणि दुसऱ्या वर्षी 9.6. बायपासवाल्यांना धोका जास्त. मी मुनीम माणूस, आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. पैलवानाचं तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, “पोरा, तुला हे चालत नाही.” नाही म्हणालो.

गोडाचं तसं नसतं बघ. ऑपरेशननंतरच्या पहिल्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचा मुहूर्ताचा सौदा होता. शेठनं सवयीनं गुळाच्या ढेपेचा खडा काढून माझ्या हातात दिला, सुपारीएवढा. केशरी पिवळा, आतून अजून कोमट, काय वास! तीस वर्षं गूळ चाखून भाव सांगणारी जीभ माझी. तोंडात टाकला. दहा-पंधरा मिनिटांत कानशिलं तापली, अंगाला दरदरून घाम, छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्याला ऐकू जावी. पोत्यांवर आडवा झालो, हमालांनी उपरण्यानं वारा घातला. परत खड्याला हात लावला नाही. गोड खाल्लं की आमचं शरीर तिथल्या तिथं थोबाडीत मारतं. दारूला ती थोबाडीत नाही. उलट ती जास्तच लाड करते. हे त्याला समजावून सांगणारं कुणी नव्हतं, आणि जो सांगू शकत होता तो टाळ्या वाजवत होता.

पावसाळ्यात आपल्या गावात दुसरा विषय नसतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फुटांला इशारा, 43 ला धोका, शेंबड्या पोराला पाठ. पैलवानाची पातळी एकानंही विचारली नाही.

आणि मला खरी भीती उलट्यांची आहे. त्याची बायको बोलता बोलता म्हणाली, सकाळी काही पोटात ठरत नाही. आमच्यासारख्याला उलट्या आणि वर दारू म्हणजे अंगातलं बी-वन व्हिटॅमिन संपतं. मग माणूस चालताना झोकांड्या खातो, डोळे फिरतात, विसरायला लागतो. लोकांना वाटतं प्यायलाय. वेळेत सुई टोचली नाही तर मेंदूचं झालेलं नुकसान कायमचं राहतं. शिवाय गुडघ्यासाठी तो मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेतो, त्या आम्हाला वर्ज्य, पोटात पिशवी आतड्याला जोडलेली असते त्या जोडावर अल्सर होतो. हे सगळं मला ठाऊक, आणि मी तिला सांगितलं काय? जेवायला थांबवून घेतलाय.

का बोललो खोटं? आठ दिवस हेच उगाळतोय. पोराची अब्रू राखली असं पहिल्यांदा वाटलं. तुझ्या वेळीही तेच वाटलं होतं. पण त्यात मीटिंगची अब्रूही होती. लोक म्हणतील, पोटं कापून घेतली आणि आता दारू प्यायला लागले. तेच बोलणं, ज्याच्यावरून तू आणि मी आठ महिने अबोला धरला. “मनावर घेतलंस तर रंकाळ्याला चार फेऱ्या मारून उतरेल, पोट कशाला कापतोस?” हे तुझं वाक्य मला इतकं लागलं होतं की दवाखान्यात तू आलास तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं. मग एकदा वहिनींनीच आठवण करून दिली, की खासबागेच्या कट्ट्यावर मी तुला म्हणालो होतो, “मनावर घे, सुटतीय की दारू.” तेच वाक्य. तुला कसं लागलं असेल ते मला 138 किलोचा झाल्यावर कळलं. आता पैलवानाला जाऊन मी काय म्हणू? “मनावर घे” सोडून मला काही येत नाही.

म्हणून तुला विचारतो. त्या वर्षी गणपतीच्या आधी तुझ्या दारात जो माणूस आला, ज्याच्याबरोबर तू दुसऱ्या दिवशी मीटिंगला गेलास, तो पहिलं वाक्य काय बोलला? तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. उभ्यानं बोलला की बसून? वहिनी समोर होत्या काय? त्यानं आधी स्वतःचं सांगितलं की तुझं विचारलं?

मी एवढं ठरवलंय. काटा बाईंच्या हॉलमधून काल उचलून आणला, माझ्या माळ्यावर टाकला. बाई रागावल्या, मग गप्प झाल्या. त्यांचं स्वतःचं सहा किलो वाढलंय हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आणि येत्या रविवारी, 17 तारखेला, सकाळची केएमटीची बस पकडून कागलला जातोय. त्याच्या बायकोला आधी सांगणार, पोरी, 3 तारखेला मी तुला खोटं बोललो. ती काय म्हणेल ते ऐकून घेणार. मग त्याच्याजवळ बसणार आणि म्हणणार, “डॉक्टरकडं चल, आजच.”

तुझी चौकशी राहिलीच. धाकटीची अॅडमिशन झाली काय? चाकणला जायला आता किती वेळ लागतो? तुझा खांदा कसा आहे? वहिनींना नमस्कार, आणि 2011 चं मी लिहिलंय हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. दाखवच. गणपतीला येणार असशील तर दोन दिवस जास्त काढ, पैलवानाला तुझ्या शेजारी बसवायचं आहे.

शनिवारी रात्री नऊनंतर फोन कर. ते पहिलं वाक्य मला रविवारच्या आत हवंय. मी आठलाच जेवण उरकतो, तोंडात घास नसेल.

तुझा,
दिन्या