शेपूट कुठं गेलं?

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्रातला टोमणा वाचून हसू आलं. 'माकडाचा माणूस झाला, तर उरलेली माकडं कशाची वाट बघताहेत?' अरे, चुलत भाऊ हयात आहे म्हणून तू जन्मलाच नाहीस, असं होतं का? आजच्या कुठल्याही माकडापासून आपण झालेलो नाही. चिंपांझीचे आणि आपले पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी एकच होते, मग वाटण्या झाल्या. चिंपांझीही तेव्हापासून बदलतच आलाय.

सगळा घोळ त्या रांगेच्या चित्रानं केलाय. पोक काढून चालणारा एकेक जण ताठ होत जातो आणि शेवटी माणूस! जणू बढतीच मिळत गेली. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं 1758 मध्ये आपल्या गणाला, म्हणजे आपण ज्या प्राणिगटात मोडतो त्याला, 'प्रायमेट्स', म्हणजे अव्वल मंडळी, असं नाव दिलं आणि त्यात वटवाघळांनाही बसवलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. वटवाघळं पुढे बाहेर गेली. आज या गणात 500 हून जास्त जाती आहेत. 30 ग्रॅमचा मूषक-लेमूर (लेमूर म्हणजे माकडांचे दूरचे नातलग) इथलाच आणि दीडशे किलोंच्या वरचा गोरिलाही इथलाच.

माझा लाडका म्हणशील तर मादागास्करचा आय-आय, हाही एक लेमूरच. त्या बेटावर सुतारपक्षी नाहीत, ते काम हा करतो. रात्री काडीसारख्या मधल्या बोटानं फांदीवर टकटक करायची, कान टवकारून आतली पोकळी हेरायची, उंदरासारख्या सतत वाढणाऱ्या दातांनी लाकूड कुरतडायचं आणि त्याच बोटानं अळी ओढून काढायची. आता याला शिडीच्या कितव्या पायरीवर ठेवशील?

आपली कथा तर निम्मी हरवण्याचीच आहे. लेमूर स्वतःच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व बनवतात. टार्सियर (बटबटीत डोळ्यांचा याच गणातला एक छोटा प्राणी), माकडं आणि आपण यांच्यात ते बनवणारं जनुक मोडक्या अवस्थेत तसंच पडून आहे. आपल्या पूर्वजांना ते खाण्यातून मिळत असावं, म्हणून मोडलं तरी कुणाचं अडलं नाही. अडलं ते फार नंतर, महिनोन्‌महिने ताज्या फळभाजीविना समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचं.

शेपटाचंही तसंच. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण, सगळे बिनशेपटीचे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा एक धागा सापडला: सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एका जनुकात डीएनएचा छोटासा तुकडा घुसला. त्याचा परिणाम उंदरांमध्ये घडवून पाहिला, तर काही आखूड शेपटीचे निघाले, काहींना शेपूटच नव्हतं. काहींच्या मज्जारज्जूत मात्र दोष आला. एवढी किंमत मोजून ते शेपूट का गेलं असावं, यावर मी दोन रात्री डोकं खाजवतोय.

आणि दक्षिण अमेरिकेतली माकडं? त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. तिथं पोचले तेव्हा, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, मध्ये अटलांटिक होताच. आजच्याइतका रुंद नव्हता, पण समुद्र तो समुद्रच. पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तरंगत्या गठ्ठ्यावर बसून आले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला अजून पचत नाही. त्या गठ्ठ्यावर ते काय खात असतील रे? तुझा अंदाज कळव.

तुझा,
विन्या