आईला कॅप्सूलची वाटचाल दाखवणाऱ्या तंत्रज्ञांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले नाव जाहीर करण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे.

डिचोलीला राहणाऱ्या माझ्या आईचे हिमोग्लोबिन सारखे घसरत होते. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठराच्या पुढे थोडीच जाते, खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकाशी थांबते आणि मधले सुमारे ६ मीटरचे लहान आतडे बहुतांशी न पाहिलेलेच राहते. तरीही आधीच्या ठिकाणी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, वयोमानाने असे होते’ एवढेच सांगून लोहाच्या गोळ्या देत राहिले, आणि ते सांगतानाही आईकडे कुणी पाहिले नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आपल्याकडे आईने कॅमेऱ्याची ती साधारण २६ मिलिमीटर लांबीची कॅप्सूल गिळली खरी, पण ती आत अडकेल या धास्तीने ती गप्पच झाली. आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल क्वचित अडकते, हे आपण तिच्यापासून लपवले नाही. पोटदुखी, उलट्या, जुनी शस्त्रक्रिया यांविषयी आधीच बारकाईने का विचारले, तेही सांगितलेत. पोटावर चिकटवलेले सेन्सर कॅप्सूलचे रेडिओ संकेत टिपतात, कोणत्या सेन्सरला संकेत अधिक ठळक मिळतो यावरून तिच्या जागेचा अंदाज बांधता येतो आणि त्यासाठी क्ष-किरण लागत नाहीत, हे सारे आपण आईलाच कोकणीतून समजावलेत.

नंतर जेवणाच्या सुट्टीत आपण परत आलात, स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलात आणि रेकॉर्डरचा छोटा पडदा तिच्याकडे वळवलात. जठराच्या वळ्या जाऊन मखमलीसारखे अस्तर दिसू लागले होते. ‘मावशी, जठर मागे पडले, आता ती लहान आतड्यात आहे.’ त्यावर आईने विचारले, ‘हे माझेच पोट?’, आणि तिचा आवळलेला चेहरा सैल झाला.

२००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या तंत्राची कल्पना इस्रायली अभियंते गॅव्रिएल इद्दान यांची. त्यांचे ऋण आहेच. परंतु स्वतःच्या शरीरात काय चालले आहे हे जाणण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे, हे कोणतेही यंत्र शिकवत नाही. त्यासाठी माणूसच सज्जन असावा लागतो.

लहान आतड्यातील नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असल्याचे निष्पन्न झाले असून उपचार सुरू आहेत. कॅप्सूल बाहेर पडल्याचे आवर्जून कळवा, असे आपण सांगितले होते. ती सुखरूप बाहेर पडली. पुढील तपासणीच्या वेळी आई स्वतः आपली भेट घेऊ इच्छिते.

आपली ऋणी,
एका रुग्णाची मुलगी