दहा दिवसांत मिळायला हवा होता तो कागद

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याहून साताऱ्याला परतताना सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने आलेल्या एका मोटारीने आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला धडक दिली. गाडी मी चालवत होतो आणि पत्नी शेजारी बसली होती. चूक कोणाची, याविषयी त्या चालकालाही शंका नसावी; कारण खाली उतरल्याबरोबर तो म्हणाला, ‘काका, दहा हजार घ्या, जागेवरच मिटवून टाकू.’ पत्नीचे मनगट तेव्हा नुसते सुजलेले दिसत होते. आम्ही पैसे घेतले नाहीत, एवढाच शहाणपणा त्या दिवशी आमच्या हातून झाला. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड दोन ठिकाणी मोडलेले निघाले आणि शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली.

गुन्हा नोंदवला गेला, पंचनामा झाला, जबाब झाले. त्यानंतर पाच महिने आमची समजूत अशी होती की पोलिसांत प्रकरण गेले आहे म्हणजे भरपाईचेही यथावकाश काहीतरी होईल. बहुतेकांची हीच समजूत असते, आणि गंमत म्हणजे नियम वाचले तर ती फारशी चुकीचीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करायचा असतो. शिवाय जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना त्यांचे हक्क कोणते आणि पुढची प्रक्रिया कशी चालते, हे सांगणारा ‘नमुना दोन’ नावाचा कागद अपघातापासून दहा दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी पोलिसांत स्वतंत्र पथके नेमण्याचा आदेशही राज्यांना दिला.

आम्हाला तो कागद मिळाला नाही. असा काही कागद असतो हे पाचव्या महिन्यात, एका लग्नात भेटलेल्या परिचित वकिलांकडून कळले. ठाण्यात विचारल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांनी सौजन्याने बसवून घेतले, चहाही दिला. पण या नमुन्याचे नाव त्यांनाही नवीन असावे, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले. बंदोबस्त, तपास आणि न्यायालयाच्या तारखा एकट्याने सांभाळणाऱ्या हवालदाराला दोष देऊन हे सुटणार नाही, हे मला मान्य आहे.

परंतु या एका कागदाच्या अभावी काय होते, ते पाहावे. भरपाईच्या अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत १९८८ च्या मूळ मोटार वाहन कायद्यात होती, ती १९९४ मध्ये काढून टाकण्यात आली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आणण्यात आली. तीही २०२२ च्या एप्रिलपासूनच अमलात आली. म्हणजे एकाच दिवशी सरकारने पोलिसांवर माहिती देण्याची जबाबदारी टाकली आणि जखमीच्या डोक्यावर घड्याळ लावले. घड्याळ तेवढे चालू राहिले. आमचा अर्ज मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना दाखल झाला. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झालेला असला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, हेही आम्हाला तेव्हाच समजले. तोवर दर तारखेला पुण्याला जावे लागेल, या धास्तीने आमचे पाऊल अडत होते.

पत्नी घरी शिवणकाम करते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर हाताच्या अपंगत्वाची टक्केवारी किरकोळ दिसते, पण ब्लाउजचा गळा कापताना कात्री ज्या कोनात वळवावी लागते, त्या कोनात तिचे मनगट आता वळत नाही. अशा वेळी शरीराची टक्केवारी किती यापेक्षा कमाईवर किती परिणाम झाला हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. प्रश्न पुराव्याचा होता, कारण तिच्याकडे ना पगारपत्रक, ना प्राप्तिकराचे विवरण. वकिलांनी तिची मापांची वही मागून घेतली. गिऱ्हाइकाचे नाव, माप, आगाऊ रक्कम आणि कपडा नेल्याची तारीख यांच्या तेरा वर्षांच्या नोंदी त्या वहीत आहेत, आणि फेब्रुवारीतल्या एका तारखेनंतरची पाने कोरी आहेत. ती वही रद्दीत गेली नाही, हा निव्वळ योगायोग.

समोरच्याचा दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी याच कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख रुपये मिळू शकतात, मात्र ते स्वीकारले की मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. हा फरकही सही करण्याआधी कुणीतरी सांगायला हवा. गाडीच्या दुरुस्तीचे मी लांबवत नाही. ती स्वतःच्या विम्यातून झाली, प्लास्टिकच्या भागांची घसारा-कपात आणि गॅरेजवाले ज्याला ‘फाइल चार्ज’ म्हणतात ती रक्कम आमच्या खिशातून गेली, आणि विम्याचा दावा न केल्यास पुढच्या वर्षीच्या हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ही बुडाला, तोही दुसऱ्याच्या चुकीसाठी.

माझी मागणी छोटी आहे. नमुना दोन मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात ठेवावा, तो दिल्याची जखमीची किंवा नातेवाइकांची सही घ्यावी, आणि ती सही सविस्तर अहवालाला जोडलेली आहे की नाही, हे न्यायाधिकरणाने पाहावे. त्याच कागदाची प्रत रुग्णालयांच्या अपघात विभागात भिंतीवर लावायला तर फारसा खर्चही नाही.

मुदतीच्या कारणावरून असे अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. मी त्या नमुन्याच्या छायाप्रती काढून आमच्याच पेठेतल्या, अपघातात माणूस गमावलेल्या दोन कुटुंबांना नेऊन दिल्या. दोघांचाही सहावा महिना उलटून गेला होता, आणि ‘आता काही मिळत नाही’ असे सांगून त्यांना कुणीतरी परत पाठवलेले होते. दोघांचेही अर्ज आता तयार होत आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा