वाळवंटांच्या वनस्पतींवर हिमयुगाची छाप

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हवामानबदलाची चर्चा निघाली की ध्रुवांवरचा बर्फ, समुद्राची पातळी आणि वर्षावने यांविषयी भरभरून लिहिले जाते. वाळवंटांकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तिथे ऊन आणि कोरड पहिल्यापासूनच आहे, तिथली झाडेझुडपे त्यांना युगानुयुगे सरावलेली आहेत, तेव्हा उष्णता आणखी थोडी वाढल्याने त्यांचे काय बिघडणार, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत चुकीची आहे, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग अजस्र हिमस्तराखाली होता आणि त्यामुळे पाऊस आणणारी पश्चिमेकडची वादळे दक्षिणेकडे ढकलली जात होती. आज जिथे रखरखीत खोरी आहेत, तिथे तेव्हा सरोवरे भरली. युटा राज्यातील बोनव्हिल सरोवर ३०० मीटरहून अधिक खोल होते. आजचे ग्रेट सॉल्ट लेक म्हणजे त्याचा उरलेला तळ. सहारात नेमके उलटे घडले. तिथे हिमयुगात वाळवंट अधिक कोरडे होऊन दक्षिणेकडे पसरले. हिरवळ आणि तळी आली ती नंतर, पृथ्वीच्या अक्षाची दिशा बदलत गेल्याने उत्तर गोलार्धातला उन्हाळी मोसमी पाऊस बळावला तेव्हा, आणि साधारण पाच हजार वर्षांपूर्वी तीही आटली. हिमयुगाचा सर्व वाळवंटांवर एकच परिणाम झाला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वनस्पतींचा इतिहास इतक्या तपशिलाने कळण्याचे श्रेय एका लहानशा उंदराला जाते. पॅक रॅट हा प्राणी बिळाभोवतीच्या साधारण शंभर मीटरच्या आतल्या काटक्या, पाने, बिया गोळा करून कपारीत साठवतो. त्याचे मूत्र वाळून त्या ढिगाऱ्यावर राळेसारखे घट्ट बसते, आणि कोरड्या गुहेत असा ढिगारा हजारो वर्षे टिकतो. १९६४ साली फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन यांनी नेव्हाडातील अशा ढिगाऱ्यांचे वय कार्बन पद्धतीने काढले, तेव्हा आज फक्त वाळवंटी झुडपे असलेल्या डोंगरांवर हिमयुगात जुनिपर या सूचिपर्णी वृक्षाची झाडी होती, हे सिद्ध झाले. त्यानंतर अशा ढिगाऱ्यांचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला असून काहींचे वय ४० हजार वर्षांहूनही अधिक भरले. जुन्या वनस्पतींचा माग परागकणांवरूनही काढतात, पण ते वाऱ्याने दूरवरून येऊ शकतात. उंदराने आणलेले पान मात्र तिथल्याच झाडाचे असते, म्हणून हा पुरावा मला विशेष मोलाचा वाटतो.

या पुराव्यातून दिसते ते असे की हिमयुग सरल्यावर वनस्पतींचे समुदाय जसेच्या तसे हलले नाहीत. प्रत्येक प्रजाती आपापल्या वेळी, आपापल्या वाटेने निघाली. जुनिपर डोंगरांवर शेकडो मीटर वर सरकले. आज कॅलिफोर्निया-नेव्हाडा भागातील मोहावे वाळवंटाची ओळख बनलेले क्रिओसोट हे झुडूप, ज्याचे जवळचे नातेवाईक दक्षिण अमेरिकेत आहेत, उत्तरेकडे पसरले ते बर्फ ओसरू लागल्यावरच. सग्वारो निवडुंगही आजच्या ॲरिझोनातील बऱ्याच प्रदेशात हिमयुगानंतरच परतला. म्हणजे आपण ज्याला आदिम वाळवंट समजतो, तो वनस्पतींचा मेळ सुमारे दहा हजार वर्षांतच जुळून आलेला आहे.

मोहावेतच वाढणाऱ्या, टोकदार पानांच्या जोशुआ वृक्षाची कथा सर्वांत चिंताजनक आहे. हिमयुगात तो आजच्यापेक्षा बराच दक्षिणेपर्यंत वाढत होता. तापमान चढले तसा दक्षिणेकडचा पट्टा नाहीसा झाला, पण उत्तरेकडे त्याला फारसे सरकता आले नाही. नेव्हाडातील जिप्सम गुहेत सापडलेल्या शास्ता स्लॉथ या जमिनीवर वावरणाऱ्या शाकाहारी प्राण्याच्या शेणात या झाडाचे अवशेष मिळाले आहेत. हे मोठे प्राणी फळे खाऊन बिया लांब नेत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हिमयुगाच्या अखेरीस ते नामशेष झाले, आणि आता बिया पसरवण्याचे काम लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांवर आहे, जे त्या फार दूर नेत नाहीत. शिवाय जुनी झाडे दीर्घकाळ उभी राहतात, पण कोवळी रोपे उन्हात आणि अवर्षणात जळतात. रोपे उगवेनाशी झाली तरी दुरून पाहणाऱ्याला झाडी भरलेलीच दिसते.

अशा झाडांना तग धरता येईल अशा जागा तुलनेने उंच व थंड आहेत. मोहावेतील सिमा डोम ही त्यांपैकीच एक, आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिथे लागलेल्या वणव्यात सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष होरपळले. बाहेरून आलेली गवते झुडपांमधली मोकळी जमीन भरून टाकतात आणि पूर्वी जिथल्या तिथे विझणारी आग त्यामुळे दूरवर पसरते. त्यामुळे या उंच जागा शोधून त्यांवरचे परके गवत हटवणे आणि तिथल्या रोपांवर लक्ष ठेवणे, हे काम मला सर्वांत निकडीचे वाटते.

आपला विश्वासू,
एक वाचक