शिबंदीचा आकडा आणि गल्लीतला पहारा

संपादक महोदय,

इराकवरील २००३ नंतरच्या अमेरिकी ताब्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात एक वाक्य हटकून येते : 'अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी फौज कमी पाठवली, म्हणून सगळे फसले.' वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. वाद नेमका कोणत्या आकड्यांवर झाला, त्यातली किती नफरी प्रत्यक्ष रस्त्यावर उतरते आणि ती किती महिने टिकते, हे या लेखनात बहुधा सुटून जाते.

२५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीपुढे सिनेटर कार्ल लेविन यांनी लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांना विचारले, युद्ध संपल्यावर इराकमध्ये किती सैन्य लागेल? शिन्सेकी यांचे उत्तर होते, काही लाख. त्यांनी स्वतः बोस्नियात आंतरराष्ट्रीय फौजेचे नेतृत्व केले होते, त्यामुळे हा अंदाज हवेतला नव्हता. दोनच दिवसांनी उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे तो धुडकावून लावला. राजवट पाडायला जेवढे सैन्य लागते त्याहून जास्त सैन्य नंतरच्या शांततेला कसे लागेल, असा त्यांचा सवाल होता. ऐकताना तो पटतो, पण त्यात मोजमापाचीच गल्लत आहे. लढाईला लागणारे सैन्य समोरच्या फौजेवर ठरते. ताबा ठेवायला लागणारे सैन्य लोकसंख्येवर. चार दिवसांत बगलेने ओलांडून पुढे गेलेले शहर ताब्याच्या काळात ओलांडून जाता येत नाही. तिथे बसावे लागते.

लोकसंख्येचा हिशेब मांडला तो रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या जेम्स क्विनलिव्हन यांनी, १९९५ मध्ये. जुनी उदाहरणे तपासून त्यांनी दाखवले, की बिकट परिस्थितीत दर हजार लोकांमागे वीसच्या घरात सुरक्षा कर्मचारी लागले आहेत. बोस्नियात १९९६ च्या सुमारास चाळीस लाख लोकांमागे ६० हजार सैनिक होते, म्हणजे हजारी १५. कोसोव्होत हे प्रमाण हजारी वीसच्या पुढे होते. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटी. बोस्नियाच्या मापाने पावणेचार लाख सैनिक लागले असते, हजारी वीसच्या मापाने पाच लाख. प्रत्यक्षात अमेरिकी आणि मित्रदेशांचे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे हजारी सात. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या बंडखोरीविरोधी नियमपुस्तिकेत हजारी वीस हे माप छापले, तोवर साडेतीन वर्षे हातची गेली होती.

मात्र हे माप वापरताना दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरल्या जातात. वीस म्हणजे वीस परदेशी सैनिक नव्हेत. त्यात स्थानिक पोलीस आणि होमगार्डही धरलेले असतात. मलायात (आजच्या मलेशियात) कम्युनिस्ट बंडाविरुद्ध ब्रिटिशांचे गणित जमले ते मलायी पोलीस आणि गावोगावच्या होमगार्डांच्या जोरावर. दुसरे, एकूण नफरी आणि गल्लीतला पहारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. विसर्जनाच्या बंदोबस्ताचा कागदावरचा आकडा आणि रात्री तीन वाजता चौकात उभे असलेले शिपाई मोजून पाहिले, की हे अंतर कुणालाही कळावे.

हे अंतर कसे पडते, ते एका कंपनीवर पाहा. १२० जणांची पायदळाची कंपनी एका वस्तीत स्वतंत्र ठाणे करून बसली आहे असे धरू. हजारी वीसच्या मापाने तिच्या वाट्याला ६,००० लोक येतात. रजा, आजारपण, कोर्स आणि मागच्या मुख्यालयात अडकलेले असे साधारण ३० जण वजा करा. उरले ९०. ठाण्याच्या चार कोपऱ्यांवर पहाऱ्याचे चार मोर्चे, प्रत्येकात दोघे, तीन पाळ्यांत मिळून २४ जण. गेटवर दोघे, तीन पाळ्यांत सहा. वायरलेस, चालक, स्वयंपाकी, वैद्यकीय सहायक मिळून दहा. काही घडले तर तत्काळ धावायची तुकडी १५ जणांची. तिला दुसऱ्या कामाला लावले, की ती तुकडीच उरत नाही. शिल्लक ३५. म्हणजे बारा-बारा जणांच्या जेमतेम तीन गस्ती, आणि त्यांनाही झोप लागते. दिवसा दोन बाहेर, रात्री एक. आदर्श प्रमाण पाळूनही सहा हजार लोकांच्या वस्तीत रात्री चालत असतात ते बारा जण. हजारी सातला हीच कंपनी सतरा हजार लोकांना पुरवायची असते.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे दोन-तीन कंपन्या एकत्र ठेवून पहाऱ्याची माणसे वाचवणे. अमेरिकेने २००४ पासून तेच केले; सैन्य मोठमोठ्या तळांवर ओढून घेतले. माणसे वाचली, पण तळापासून वस्तीपर्यंतचा रस्ता वाढला. रोज ठरावीक रस्त्यांवरून, ठरावीक फाटकातून गाड्या निघू लागल्या आणि रस्त्याकडेला पुरलेल्या सुरुंगांचे फावले. मग रस्ता साफ करणारी पथके आली, रसदीच्या ताफ्यांना संरक्षण आले. कुवेतहून बगदाद साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, आणि या रस्त्यावर राखणीला गुंतलेला प्रत्येक सैनिक नकाशावर 'इराकमधील सैन्य' म्हणूनच मोजला जातो. पुढे पुढे कंत्राटी माणसांची संख्या सैनिकांच्या बरोबरीला गेली. ती बहुतेक चर्चेत मोजलीच जात नाही.

कमतरतेचा सर्वांत महागडा परिणाम झाला तो पहिल्या काही आठवड्यांत, दारूगोळ्याच्या कोठारांवर. सद्दामच्या लष्कराची कोठारे देशभर विखुरलेली होती आणि ती राखायला माणसे नव्हती. बगदादच्या दक्षिणेकडील अल-काका इथून साडेतीनशे टनांच्या आसपास उच्च दर्जाची स्फोटके बेपत्ता झाल्याचे ऑक्टोबर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कळवले. याच काळात, एप्रिल २००३ मध्ये, पाठवायच्या यादीत असलेल्या पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनची रवानगी रद्द करण्यात आली होती.

तर मग शिन्सेकी यांचे म्हणणे ऐकले असते म्हणजे झाले असते का? इथे गणित दुसऱ्या टोकाने अडते. एक सैनिक वर्षभर तैनात ठेवायचा, तर एक नुकताच परतलेला आणि एक जाण्याच्या तयारीतला, असे तिघे लागतात. पाच लाखांसाठी पंधरा लाख. अमेरिकेचे नियमित लष्कर तेव्हा पाच लाखांच्याही आत होते. अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) अर्थसंकल्प कार्यालयाने सप्टेंबर २००३ मध्ये हिशेब केला, तेव्हा वर्षाच्या पाळ्या धरून नियमित लष्कर अनिश्चित काळ ३८ ते ६४ हजार सैनिकच टिकवू शकेल, असे उत्तर आले. म्हणून नॅशनल गार्ड आणि राखीव दले ओढली गेली आणि एप्रिल २००७ मध्ये पाळी बारा महिन्यांवरून पंधरावर गेली. गरजेचा शिन्सेकी यांचा अंदाज बरोबर होता. ती गरज भागवण्याइतके सैन्य अमेरिकेकडे नव्हते. दोन्ही विधाने एकदम खरी आहेत, आणि म्हणूनच मला २३ मे २००३ चा आदेश फौजेच्या तुटवड्याहून मोठी चूक वाटतो. त्या दिवशी इराकमधील अमेरिकी ताबा प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी इराकी लष्कर बरखास्त केले. हजारी वीस भरून काढण्याचा एकमेव मार्ग त्यांनी स्वतःच बंद केला आणि शस्त्रे वापरता येणारी लाखो माणसे पगाराविना घरी बसवली.

उलट उदाहरण जपानचे. १९४५ अखेर तिथे सात कोटींहून अधिक लोकांमागे अमेरिकी सैन्य हजारी पाचच्या आसपास होते, आणि ते पुरले. सम्राट, मंत्रालये, पोलीस सगळे जागेवर होते आणि त्यांच्यामार्फत हुकूम चालत होता. राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेत आपली १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटणही होती. तिच्यावर कुठली बंडाळी मोडून काढायची वेळ आली नाही.

इराकमध्ये मात्र हा प्रश्न मराठा पलटणींच्या काळापासूनचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इराकमधल्या कुट इथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पुढे १९२० च्या ब्रिटिशविरोधी उठावाच्या तोंडावर इराकमधील ब्रिटिश सेनापती जनरल हॉल्डेन यांच्याकडे शिधा खाणारे सुमारे ६० हजार होते, त्यांत ५३ हजार हिंदी. प्रत्यक्ष लढू शकणारे ३४ हजारांच्या आसपास. खर्च कमी करण्यासाठी लंडनहून कपातीचा तगादा आधीपासून चालूच होता. उठाव होताच हिंदुस्थानातून कुमक मागवावी लागली.

२००७ च्या जादा कुमकीचे श्रेयही आकड्याला देण्याची पद्धत आहे. पाच ब्रिगेड, सुमारे २० हजार सैनिक वाढले आणि एकूण आकडा १ लाख ७० हजारांपर्यंत गेला, म्हणजे प्रमाण फार तर हजारी एकाने बदलले. बदलली ती जागा : बगदादमध्ये सैन्य तळ सोडून वस्त्यांतल्या छोट्या संयुक्त ठाण्यांत राहायला गेले. त्याच सुमारास पश्चिमेकडील अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदावर उलटल्या आणि सुमारे एक लाख स्थानिक माणसे महिना तीनशे डॉलरच्या आसपास पगारावर नाक्यांवर उभी राहिली. ही एक लाख माणसे वस्ती ओळखणारी होती. मला विचाराल तर खरी कुमक ती.

स्थानिक फौज मोजतानाही हात आखडता घ्यावा. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान अल-अबादी यांनी इराकी लष्करात ५० हजार भूत-सैनिक असल्याचे जाहीर केले : नाव हजेरीपटावर, पगार वरिष्ठांच्या खिशात. मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडून तेव्हा पाच महिने झाले होते. अफगाणिस्तानात कागदावर तीन लाख होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या वेशीवर कोण उभे राहिले ते सगळ्यांनी पाहिले.

भारताकडेही २००३ मध्ये अमेरिकेने साधारण १७ हजारांच्या एका डिव्हिजनची मागणी केली होती. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून नकार दिला. त्या निर्णयाची चर्चा आजही फक्त परराष्ट्र धोरणाच्या अंगाने होते. मनुष्यबळाची बाजू सुटून जाते. पाकिस्तान सीमेवरची ऑपरेशन पराक्रमची दहा महिन्यांची जमवाजमव आटोपून लष्कर जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी सीमेवरून परतले होते. आणि वर्षाच्या पाळ्या धरल्या, तर १७ हजारांसाठी ५० हजार जवान बांधले गेले असते.

आपला,
पायदळातील एक निवृत्त अधिकारी, पुणे