आपोआप उतरलेला झटका किरकोळ नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरचा पक्षाघाताचा लेख वाचला. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, बीपी आणि मधुमेह सांभाळा, सगळं बरोबर. पण ‘लक्षणे आपोआप गेल्यास घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्य वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझ्या थोरल्या भावाची लक्षणं अशीच आपोआप गेली होती. जेवताना उजव्या हातातला घास गळला, जीभ जड झाली, दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. दादा म्हणाला, पित्त झालं असेल. डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी त्याने कधीच सोडली होती. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि मोकळं होतं, तेव्हा असं होतं. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन-चार दिवसांतच सर्वांत जास्त असतो. दादाला तो चौथ्या दिवशी आला.

पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं तेव्हा तो वहिनीशी नीट बोलला होता. सहाला मोरीपाशी पडलेला. शेजारचे म्हणाले, अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा, शेक द्या. आम्ही दोन तास चोळत बसलो. 108 ला फोन करावा हे एकालाही सुचलं नाही. रिक्षाने नेलं त्या रुग्णालयात सीटी स्कॅन बंद होतं, आणि एवढं सांगायला त्यांनी पाऊण तास लावला. दुसरीकडे स्कॅन झालं तेव्हा सव्वादहा वाजले होते. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे दहापर्यंत. डॉक्टरांनी वहिनीला तीनदा विचारलं, नक्की साडेपाचच ना? ती खोटं बोलली नाही.

तुमच्या लेखात या साडेचार तासांचा उल्लेखच नाही. सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्या, हेही नाही. आणि त्याच पानावर खाली ‘लकव्यावर खात्रीशीर तेल’ अशी पाव पानाची जाहिरात! पक्षाघात बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. संपादक या नात्याने आपल्याला हे ठाऊक असायला हवं.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ते पाच मिनिटांत बरं झालं तरी तत्काळ रुग्णालयात न्या, आणि माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ डॉक्टरांना सांगा, एवढं लिहा.

दादाला आता अक्षर लागत नाही. तुमचा अंक रोज मी त्याला वाचून दाखवते. कालचा लेख वाचून दाखवला नाही.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे