माथ्यापलीकडच्या माणसासाठी थांबणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही. मी बोलायला सुरुवात केली की तुम्ही पायाच्या प्लास्टरची चौकशी करता, नाहीतर काकूंनी पाठवलेला डबा पुढे करता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात, शेजारी विस्कॉन्सिनमध्ये, वर कॅनडात आपली कितीतरी मराठी घरं आहेत. डिसेंबर उजाडला की एखाद्या शनिवारी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून धावणारी इंजिनाची गाडी, भाड्याने घेऊन जंगलात जायचा बेत तिथे हमखास ठरतो. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी आपण स्नोमोबिल घेऊन नॉर्थ शोअर स्टेट ट्रेलवर होतो. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत, लेक सुपीरियरच्या वरच्या अंगाने, भुर्ज आणि स्प्रूसच्या रानातून जाणारी ही 146 मैलांची वाट. सर्वांत पुढे तुम्ही, मध्ये आम्ही नवरा-बायको आणि शेवटी स्नोमोबिल क्लबमधले तुमचे मित्र. संध्याकाळचे चार वाजून गेले होते आणि उजेड उतरायला लागला होता. एका चढणीच्या माथ्याच्या बऱ्याच अलीकडे तुम्ही वेग कमी केलात, स्लेड (स्नोमोबिलला इथे स्लेडच म्हणतात) अगदी उजव्या कडेला घेतलीत आणि डावा हात डोक्यावरून उजवीकडे नेत खूण केलीत: समोरून कोणी येतंय, उजवीकडे राहा. आम्हाला समोर काहीच दिसत नव्हतं. नंतर तुम्ही सांगितलंत की माथ्यापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर तुम्हाला दिव्याचा उजेड हलताना दिसला होता.

पुढच्या काही क्षणांत तीन स्लेड माथ्यावरून उसळून आल्या. पहिली पूर्णपणे आपल्या बाजूला होती. तुमची खूण पाहून आम्ही कडेला सरकलो होतो म्हणून समोरासमोर टक्कर झाली नाही. तरी ह्याला, माझ्या नवऱ्याला, आणखी बाहेर जावं लागलं, त्याच्या स्लेडची पुढची स्की भुसभुशीत बर्फात रुतली आणि स्लेड कलंडून त्याच्या पायावर आली. त्या तिघांपैकी कोणीही थांबलं नाही. शेवटच्याने वेग कमी केला, मान वळवून पाहिलं आणि तोही निघून गेला. ते मान वळवून पाहणं मला अजून सोसत नाही.

मी ओरडत होते, "काका, आधी इकडे या!" तुम्ही आधी मित्रांना माथ्यावर पाठवलंत, हातात टॉर्च देऊन, पलीकडून येणाऱ्यांना थांबवायला. मला वाट अडेल अशी उभी राहिलेली माझी स्लेड कडेला घ्यायला सांगितलंत. मग तुम्ही ह्याच्याजवळ आलात. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नसेल. थोड्याच वेळात खरोखरच आणखी दोन स्लेड वर आल्या आणि टॉर्च पाहून माथ्यावरच थांबल्या. त्या दोघांनीच मग तुमच्याबरोबर आमची स्लेड उचलली. माथ्यावर माणूस उभा नसता, तर त्या स्लेड थेट आपल्यावर आल्या असत्या. जखमी माणूस समोर पडलेला असताना, अजून न दिसलेल्या माणसाचा विचार करायला किती सराव आणि किती माया लागत असेल, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

बाकीचंही सगळं लक्षात आहे. टेदरची, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली दोरी सुटून इंजिन बंद पडलं होतं, तरी तुम्ही चावी फिरवून खात्री केलीत. "हेल्मेट काढू नकोस, मान हलवू नकोस, मला फक्त पायाची बोटं हलवता येतात का सांग," हे तुम्ही इतक्या शांतपणे मराठीत विचारलंत की ह्याचा श्वास तिथेच जरा खाली बसला. फोनला रेंज नव्हती. तुमच्या जॅकेटच्या खिशात उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं, त्यावरून बचाव पथकाला नेमकी जागा कळली. ते येईपर्यंत तुम्ही स्वतःचं जाड जॅकेट ह्याच्या अंगाखाली घातलं होतंत आणि उणे पंधरात नुसत्या स्वेटरवर बसून होतात. काकूंना हे ठाऊक नसेल तर आता कळेल, त्याबद्दल रागावू नका.

ह्याच्या घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. आता तो कुबडीशिवाय घरात फिरतो. डॉक्टरांनी दोनदा विचारलं की स्लेडखालून पाय बाहेर काढताना तिथे कोण होतं, कारण ओढाताण झाली असती तर नुकसान बरंच वाढलं असतं.

पण माझे आभार तेवढ्यावर संपत नाहीत. त्या महिन्याच्या शेवटी आपल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि तुम्ही तिळगूळ वाटून झाल्यावर माईक मागून घेतलात. मला वाटलं होतं तुम्ही त्या तिघांबद्दल बोलाल. तुम्ही त्यांचं नावही काढलं नाहीत. नव्याने आलेली मुलं, आयटीतली जोडपी, आजी-आजोबा असे सगळे बसले होते, आणि तुम्ही त्यांना हातवारे करून खुणा शिकवल्यात. एक्सलरेटर उजव्या अंगठ्याला असतो, म्हणून खुणा डाव्या हाताने. हात सरळ वर म्हणजे थांबतोय. कोपरात वाकवून अंगठा खांद्यामागे दाखवला म्हणजे माझ्यामागे अजून स्लेड आहेत. खांद्याच्या उंचीला मिटलेली मूठ म्हणजे मी शेवटचा. सत्तरीच्या आज्ज्यांनीही हात वर करून मुठी मिटल्या. ही शेवटची खूण सगळ्यांत दयाळू आहे असं तुम्ही म्हणालात, कारण समोरच्याला ती सांगते की आता तू निर्धास्त जाऊ शकतोस. मला ते फार पटलं.

तुमचं घाटाचं उदाहरणही सगळ्यांच्या चटकन लक्षात आलं. आंबेनळी घाटात वळणावर हॉर्न का देतो, चढणाऱ्या गाडीला वाट का देतो, तेच इथे. फरक इतकाच की स्नोमोबिलवर हॉर्न नाही, कानावर हेल्मेट आहे आणि स्वतःच्या इंजिनापुढे दुसऱ्याचं इंजिन ऐकूच येत नाही. म्हणून वळण आणि माथा आला की पलीकडे कोणीतरी आहे असं धरूनच चालायचं.

मग तुम्ही फळ्यावर आकडे मांडलेत. मिनेसोटात स्नोमोबिलला ताशी 50 मैलांची मर्यादा आहे. 50 मैलांच्या वेगाने स्लेड एका सेकंदात 73 फूट जाते. समोरचाही तितक्याच वेगाने येत असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळपास 147 फुटांनी कमी होतं. रात्री हेडलाइट साधारण 200 फुटांपर्यंतचंच दाखवतो. फळ्यावर एवढंच लिहून तुम्ही खडू ठेवलात. पुढचा हिशोब प्रत्येकाने मनात केला, सभागृहात तसा आवाजच नव्हता. पुढच्या स्लेडने उडवलेल्या बर्फाच्या धुरळ्यात तर दहा फुटांवरचंही दिसत नाही, म्हणून अंतर वाढवत न्यायचं, हेही तुम्ही जोडलंत.

दारूबद्दल तुम्ही जे बोललात ते बोलायला धैर्य लागतं, कारण आपल्याकडेही आता ट्रेलवरच्या बारमध्ये थांबत थांबत जायची हौस आली आहे. तुम्ही शिसागो लेकवरची 2018 च्या जानेवारीतली गोष्ट सांगितलीत. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीचा तंबू लावत असलेल्या कुटुंबावर एक दारू प्यायलेला स्नोमोबिलवाला आदळला आणि 8 वर्षांचा अ‍ॅलन गेला. त्या माणसाचा गाडीचा परवाना आधीच रद्द झालेला होता. त्याच वर्षी मिनेसोटात ‘लिटल अ‍ॅलन्स लॉ’ आला. कोणतंही वाहन दारू पिऊन चालवल्याबद्दल परवाना गेला की आता स्नोमोबिल आणि एटीव्ही (खडबडीत वाटांवरची छोटी गाडी) हीसुद्धा चालवता येत नाही. त्याच्या आईवडिलांनी आपलं दुःख घेऊन विधिमंडळाच्या पायऱ्या चढल्या, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तुमचा नियम सोपा आहे: दिवसाची शेवटची चावी फिरवून स्लेड लावेपर्यंत एक थेंबही नाही. आमच्या घरात आता तोच नियम आहे.

कुत्र्यांच्या गाड्यांबद्दल तर मला काहीच माहीत नव्हतं. आपल्याच किनाऱ्यावर जॉन बेअरग्रीज हा ओजिब्वे या इथल्या मूळ जमातीतला टपालवाला 19व्या शतकाच्या अखेरीस टू हार्बर्सपासून ग्रँड मरेपर्यंत हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल न्यायचा. त्याच्या नावाची शर्यत आजही होते आणि त्या कुत्र्यांचा सराव याच रानातल्या वाटांवर चालतो. अलास्कात 2016 च्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतीत प्यायलेल्या स्नोमोबिलवाल्याने अ‍ॅली झर्कल आणि जेफ किंग यांच्या गाड्यांना धडक दिली. किंग यांचा नॅश नावाचा कुत्रा त्यात मेला. कुत्र्यांची गाडी, स्कीवाला, बर्फात चालणारी आजी, कोणीही दिसलं की वेग उतरवायचा, कडेला व्हायचं, गरज पडली तर थांबायचं. ट्रेल आपल्या मालकीची नाही. हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात आणि दुसऱ्यांदा त्याचा खरा अर्थ सांगितलात: बऱ्याच ट्रेल्स शेतकऱ्यांच्या आणि खासगी मालकांच्या जमिनीतून त्यांच्या परवानगीने जातात. चार जणांनी खुणांनी आखलेली वाट सोडून शेतात स्लेड घातल्या की मालक पुढच्या हिवाळ्यात नाही म्हणतो, आणि मैलोन्‌मैल वाट सगळ्यांसाठीच तुटते.

आणि त्या वाटा सपाट कोण ठेवतं, हेही त्या संध्याकाळी कळलं. तुम्ही आणि क्लबमधली तुमच्यासारखी माणसं रात्री ग्रूमर, म्हणजे बर्फ दाबून वाट सपाट करणारं यंत्र, घेऊन निघता. रात्री गर्दी कमी असते आणि ताज्या दाबलेल्या बर्फाला कडक व्हायला थंडीचे काही तास मिळतात. ताशी आठ-दहा मैलांनी पहाटेपर्यंत. समोरून ग्रूमर आला तर थांबून त्याला जाऊ द्यावं, एवढीच तुमची अपेक्षा. मला वाटतं, ती फारच कमी आहे.

तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी लेकीला झोपताना सांगितली. 1934 च्या हिवाळ्यात क्वीबेकमधल्या व्हॅलकोर्टला जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांचा लहान मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही, मूल गेलं. बर्फावरून चालणारी गाडी बनवायचा ध्यास त्या बापाने त्यानंतर सोडला नाही, आणि 1959 मध्ये त्यांची स्की-डू बाजारात आली. माणसाला वेळेत दवाखान्यात पोचवण्यासाठी ज्या यंत्राचा असा ध्यास घेतला गेला, त्यानेच माणसाला दवाखान्यात पाठवावं, याची तुम्हाला मनापासून चीड येते. ती चीड तुम्ही कोणाला शिव्या देण्यात घालवत नाही, माणसं शिकवण्यात घालता. यासाठी तुमचे आभार मानायला मला शब्द कमी पडतात.

आता थोडं आमच्याकडचं. ह्याने आणि मी, आम्ही दोघांनी स्नोमोबिल सेफ्टीचा कोर्स केला. 1976 नंतर जन्मलेल्यांना तो मिनेसोटात सक्तीचा आहे, हे तुम्हीच ह्याच्या बहिणीलाही फोन करून सांगितलंत, म्हणून तिच्या घरचेही बसताहेत. लेक 11 वर्षांची झाली की तिलाही बसवू. तिचं प्रमाणपत्र 12 व्या वर्षी लागू होईल, तोवर ती मागे बसून मुठीची खूण करत राहील, तसं तिने ठरवूनच टाकलंय. येत्या नोव्हेंबरात क्लबचे लोक नारिंगी खुणा ठोकायला आणि पडलेली झाडं हटवायला निघतील तेव्हा आमच्या दोघांची नावं यादीत घाला. ह्याला चढता येणार नाही, पण तो खांब आणि खिळे मोजून देईल, गाडी चालवेल.

तुमचं ते जॅकेट धुऊन तयार आहे. बाहीवर रक्ताचा डाग जरा राहिला आहे, मी खूप प्रयत्न केले. रविवारी काकूंना घेऊन जेवायला या आणि ते घेऊन जा. पुरणाचा बेत करते आहे, नाही म्हणू नका.

तुमची कायमची ऋणी,
मंडळातली तुमची पुतणी